पान्हा कुठून फुटतो

आजोळी मोरी नावाची गाय होती. एका उन्हाळ्यात तिचे आठवडाभराचे वासरू दगावले. दुसऱ्या दिवशी पहाटे आजी चरवी घेऊन बसली, कासेवर पाणी मारले, सडांना तेलाचे बोट लावले, पण मोरी दूध देईना. कास तट्ट फुगलेली, हात लागला तरी ती अंग चोरून बाजूला सरत होती. दूध आत होते आणि उतरत नव्हते. आजी एवढेच म्हणाली, "पान्हा चोरतीय." दोन दिवसांनी मामाने त्याच वासराच्या कातड्यात पेंढा भरला, चार काठ्यांचे पाय केले आणि ते मोरीच्या तोंडाशी उभे केले. तिने आधी हुंगले. मग मानेपासून शेपटीपर्यंत ती त्याला चाटू लागली. मी कासेच्या बाजूला उकिडवी बसले होते म्हणून मला दिसले: चाटता चाटता तिचे सड ओले झाले, कुणी हात न लावता एक थेंब खाली मातीत पडला, आणि मग आजीच्या चरवीत धार वाजू लागली.

पुढे जीवशास्त्र शिकले, पंचवीस वर्षे ते शिकवले, तेव्हा त्या थेंबाला नावे मिळाली. वासराचा स्पर्श, वास, दर्शन यांची वर्दी मेंदूला पोचते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ऑक्सिटोसिन रक्तात सोडते. रक्ताबरोबर ते कासेपर्यंत येते, दूध साठलेल्या बारीक पुटिकांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि दूध खाली उतरते. भ्यालेल्या किंवा बिथरलेल्या गायीच्या रक्तात ॲड्रेनालिन चढलेले असते आणि ते या कामात आडवे येते. गायीने पान्हा चोरणे ते हेच. हे सगळे मी फळ्यावर कितीदा काढले असेल. तरी पाठ्यपुस्तकातली आकृती पाहिली की त्यातून काहीतरी सुटल्यासारखे वाटे. आकृतीत एक ग्रंथी असते, तिच्यापासून निघणारा बाण असतो आणि बाणाच्या टोकाला अवयव. मोरीच्या गोठ्यात बाण आणखी एका दिशेने सुटला होता. पेंढ्याचे वासरू आधी डोळ्यांना दिसले, जिभेला लागले, आणि त्यानंतर ग्रंथी जागी झाली.

हार्मोन हा शब्द आता घराघरात पोचला आहे. चौदा वर्षांचा मुलगा धाडकन दार लावून घेतो, "हार्मोन्स आहेत, दुसरं काय." बाळंतीण रात्री रडते, "हार्मोन्स खाली-वर होतात." पाळी जाताना आई चिडचिड करते, तेव्हाही तेच. शब्द खोटा नाही, पण आपण तो उच्चारतो आणि तिथेच थांबतो. आत काहीतरी पाझरले आणि माणूस तसा वागला, एवढ्यावर विचार संपतो. त्या मुलाशी घरात कोण काय बोलले, त्या बाळंतिणीला किती दिवस सलग दोन तासही झोप मिळालेली नाही, हे विचारायची गरज उरत नाही. संप्रेरक आतून हुकूम सोडते आणि शरीर तो पाळते, अशी एक ठाम समजूत या बोलण्याच्या मुळाशी आहे. डॅनिअल लेर्मन या अमेरिकन संशोधकाने आपले सारे उमेदीचे आयुष्य या समजुतीचा कस पाहण्यात घातले, आणि त्यासाठी प्राणी निवडला तो होला. या पुस्तकाचा विषय ते काम आणि त्या कामातून पुढे फुटलेल्या वाटा हा आहे.

लेर्मन यांचा जन्म १९१९ चा, न्यूयॉर्कचा. शाळकरी वयातच त्यांना पक्षी पाहण्याचा नाद लागला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. तरुणपणी ते तिथल्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात जाऊन हाताखाली काम करू लागले. तिथेच टी. सी. श्नायर्ला हे त्यांना गुरू म्हणून लाभले. श्नायर्ला यांनी लष्करी मुंग्यांचा अभ्यास रानात बसून केला होता. मुंग्यांची हजारोंची फौज ठराविक दिवसांनी मुक्काम हलवते, तेव्हा तिला हलवणारे वेळापत्रक कुणा एका मुंगीच्या आत लिहिलेले नसते. मुक्कामातल्या अळ्यांची वाढ आणि मोठ्या मुंग्यांची हालचाल एकमेकींना चेतवत राहतात, त्यातून ते वेळापत्रक घडते, हे त्यांनी दाखवले. शिष्याने पुढे होल्यांच्या जोडीत जे पाहिले त्याची पूर्वतयारी इथे झाली होती, असे मला वाटते.

१९५३ साली लेर्मन यांनी एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. वय ३४, पीएच.डी. अजून हाती यायची होती, आणि टीकेचा रोख होता कोनराड लोरेन्झ यांच्यावर. लोरेन्झ त्या काळी युरोपात प्राणिवर्तनाच्या अभ्यासाचे मोठे नाव होते. अंड्यातून निघालेली हंसाची पिल्ले त्यांनाच आई समजून मागे मागे फिरतात, हे त्यांचे चित्र आजही सर्वांना ठाऊक असते. त्यांचे म्हणणे असे की प्राण्याची काही वागणूक उपजत असते, काही शिकलेली, आणि दोन्हींमध्ये रेघ मारता येते. घरट्याबाहेर घरंगळलेले अंडे मादी हंस चोचीने आत ओढून घेते, ते उपजत. रेघ कुठे मारायची हे ठरवण्यासाठी त्यांच्याकडे कसोटीही होती: पिल्लू जन्मापासून एकटे वाढवा, तरीही ते जे करील ते उपजत.

लेर्मन यांनी मूळ जर्मन लेख वाचून या कसोटीलाच हात घातला. पिल्लू एकटे वाढवले म्हणजे ते आपल्या जातभाईंपासून तुटले, हे खरे. पण स्वतःच्या शरीरापासून ते तुटलेले नसते. ते स्वतःचे अंग चाटते, स्वतःचा आवाज ऐकते, स्वतःच्या पायांवर उभे राहते, जमिनीचा खडबडीतपणा अनुभवते. म्हणून एकटे ठेवले होते एवढे सांगून भागत नाही. नेमके कशापासून तोडले होते, हे सांगावे लागते. इथे त्यांनी चिनी संशोधक झिंग-यांग कुओ यांच्या कामाचा आधार घेतला. कुओ यांनी कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून आतला गर्भ दिवसेंदिवस पाहिला होता. अगदी सुरुवातीला गर्भाचे डोके छातीवर टेकलेले असते आणि हृदयाच्या ठोक्यागणिक ते हलते. पुढे ते स्वतःहून मान लववू लागते. मग चोच उघडमीट करते, भोवतीचा द्रव गिळते. अंडे फुटल्यावर काही वेळात पिल्लू दाणा टिपते, ते पाहून आपण म्हणतो, हे याला कुणी शिकवले? कुणीच नाही. पण मान पुढे जाणे, चोच उघडणे आणि गिळणे या तिन्हींना कवचाआड तीन आठवड्यांचा इतिहास असतो. त्या इतिहासालाच शिक्षण म्हणा, असा लेर्मन यांचा आग्रह नव्हता. "उपजत" असे नाव देऊन टाकले की कुओ यांच्यासारखी खिडकी पाडायला कुणी जाणार नाही, ही त्यांची खरी तक्रार होती.

या वादाला आणखी एक काळी किनार होती आणि ती मी झाकून ठेवणार नाही. लोरेन्झ १९३८ मध्ये नाझी पक्षात दाखल झाले होते, आणि १९४० च्या त्यांच्या एका लेखात पाळीव प्राण्यांतल्या "अधःपतना"चे विवेचन माणसांच्या वंशशुद्धीपर्यंत नेलेले होते. लेर्मन यांनी त्याकडे बोट दाखवले. उपजत गुणांची भाषा प्रयोगशाळेबाहेर पडली की ती कुणाच्या हाती लागते, हे त्या पिढीने नुकतेच पाहिले होते. आपल्याकडे जन्मावरून माणसाची लायकी ठरवण्याचा इतिहास किती जुना आहे हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. "रक्तातच आहे" हे वाक्य आपण कौतुकानेही म्हणतो आणि तुच्छतेनेही.

निको टिनबर्गन हे लोरेन्झ यांचे जवळचे सहकारी. त्यांनी ही टीका मनावर घेतली, लेर्मन यांच्याशी मैत्री जोडली आणि १९६३ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात वर्तनाबद्दल विचारायच्या चार मुख्य प्रश्नांमध्ये "हे वर्तन त्या प्राण्याच्या आयुष्यात घडत कसे गेले?" या प्रश्नाला मानाची जागा दिली. लोरेन्झ यांनी १९६५ मध्ये आपल्या बाजूने पुस्तकभर उत्तर दिले. लेर्मन १९७० मध्ये पुन्हा लिहिते झाले. वाद मिटला नाही. तो शहाणा मात्र झाला.

पण नुसत्या वादावर लेर्मन यांचे नाव टिकले नसते. ते टिकले होल्यांमुळे. न्यूअर्क येथे रटगर्स विद्यापीठात १९५९ साली त्यांनी प्राणिवर्तनाची संस्था उभी केली आणि पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये होल्यांच्या जोड्या ठेवल्या. हा होला पाळीव जातीचा, मूळचा आफ्रिकेकडचा, मानेमागे काळी कंठी असलेला. आपल्याकडे तारांवर बसणारा पठाणी होला त्याचा सख्खा चुलतभाऊ शोभावा इतका सारखा दिसतो. नर आणि मादी दिसायला एकसारखे, हे दोन्हींतही तसेच.

एका पिंजऱ्यात एक नर, एक मादी, एक काचेचा वाडगा आणि वाळलेले गवत. एवढ्यावर नाटक सुरू होते. पहिल्या दिवशी नर ताठ होतो, मान खाली घालून वाकतो, घुमतो, पुन्हा वाकतो. काही तासांनी दोघे वाडग्याशी बसून वेगळ्या, खालच्या सुरात घुमू लागतात, जागा ठरली. मग आठवडाभर घरटे. नर काडी आणतो, मादी ती अंगाखाली रचते. सातव्या ते अकराव्या दिवसाच्या आसपास, बहुधा उतरत्या दुपारी, मादी पहिले अंडे घालते. दुसरे अंडे एक दिवस सोडून सकाळी येते. त्यानंतर दिवसाच्या मधल्या भागात साधारण सहा तास नर अंड्यांवर बसतो, उरलेले अठरा तास मादी. चौदा दिवसांनी पिल्ले निघतात. आई आणि बाप दोघांच्याही गळ्याखाली असलेल्या दाण्याच्या पिशवीचे अस्तर आता जाड होऊन सुटू लागते आणि दह्यासारखे काहीतरी तयार होते. तेच पिल्लांचे दूध, आणि बापालाही ते येते. दहा-बारा दिवसांनी पिल्ले घरट्याबाहेर पडतात, मागे लागून भरवून घेतात, हळूहळू आई-बाप कंटाळतात, पिल्ले दाणे टिपू लागतात, आणि एके दिवशी नर पुन्हा मान वाकवून घुमू लागतो. एक फेरा साधारण सहा-सात आठवड्यांचा.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीत होल्यांची एक जोडी तीन वर्षे घरटे करते आहे. लेर्मन वाचण्याआधी मी त्यांना "बसलाय" एवढेच पाहत होते. वाचल्यानंतर घड्याळ पाहू लागले. सकाळी दहाच्या सुमारास पंखांचा फडफडाट होई, बसलेला पक्षी उठे, दुसरा कडेवरून चालत येऊन पोटाखालची पिसे फुलवून, अंगाला एक हलका झोका देऊन अंडी पोटाखाली घेई. कूकरची शिट्टी झाली तरी तो हलत नसे. चार-साडेचारला पुन्हा फडफडाट. रोज. चहा ठेवताना मी त्या अदलाबदलीची वाट पाहू लागले.

आता लेर्मन यांचा प्रश्न. हे एकामागून एक अंक बदलतात कसे? सोपे उत्तर असे की आत संप्रेरकांचे चक्र फिरते आणि त्याप्रमाणे वागणूक बदलते. ते तपासायला त्यांनी साधी युक्ती केली. तयार घरटे, त्यात दोन अंडी, आणि त्या पिंजऱ्यात नवी जोडी सोडली. अंडी समोर असूनही कुणी त्यांच्यावर बसले नाही. दोघांनी रीतसर प्रणय केला, गवत रचले, आणि पाच ते सात दिवसांनी अंड्यांवर बसले. पक्षी एकटा ठेवला तर कितीही दिवस गेले तरी बसला नाही. जोडीदार आणि गवत यांच्यासह आठवडा काढल्यावर अंडी दिली तर थोड्याच वेळात बसले. जोडीदार दिला पण गवत दिले नाही, तर काही बसले, काही नाही. म्हणजे जोडीदाराचा सहवास आणि घरटे बांधण्याचे काम, या दोन्हींनी त्यांच्या शरीरात काहीतरी बदलले होते. काय बदलले, हे इंजेक्शनांनी कळले. आधीपासून प्रोजेस्टेरॉन टोचलेले पक्षी अंडी दिसताच जवळजवळ लगेच बसत. इस्ट्रोजेन टोचले तर घरटे बांधण्याची घाई होई. (पुढे रे सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी मोजमापे घेतली तेव्हा असे दिसले की नराच्या रक्तात उबवण्याच्या काळात प्रोजेस्टेरॉन चढतच नाही, नराचा मार्ग वेगळा निघाला. लेर्मन यांची पद्धत इतकी खुली होती की त्यांच्याच चमूतून ही दुरुस्ती आली.)

दुसरा प्रयोग मला अधिक जवळचा. मादीला काचेच्या पलीकडे नर दिसेल असे ठेवले. स्पर्श नाही, नुसते दर्शन आणि घुमणे. तेवढ्याने तिची अंडवाहिनी वाढली, बीजे वाढू लागली. मग कार्ल एरिकसन यांच्याबरोबर १९६४ मध्ये त्यांनी काचेपलीकडे वृषणे काढून टाकलेला नर ठेवला. तोही नरच, दिसायला तोच, पण तो वाकत नाही, घुमत नाही. मादीच्या शरीराने फारसा प्रतिसाद दिला नाही. साखळी बघा: नराचे संप्रेरक त्याला घुमवते, त्याचे घुमणे काचेपलीकडच्या मादीच्या डोळ्याकानांतून मेंदूत जाते, मेंदू पियुषिकेला सांगतो, पियुषिका बीजांडकोशाला, आणि बीजांडकोशातून सुटलेले इस्ट्रोजेन तिला घरट्याकडे वळवते. एकाच्या रक्तातली गोष्ट दुसऱ्याच्या रक्तात उतरली, आणि मधला पूल वर्तनाचा होता. १९३९ मध्ये हॅरिसन मॅथ्यूज यांनी एकट्या कबुतराच्या मादीपुढे आरसा ठेवला तर तीही अंडी घालते असे दाखवले होते. आणि त्याआधी, १९३६ मध्ये, एम. डी. पटेल यांनी पाहिले होते की घरट्यातून बाजूला काढलेल्या नराला शेजारच्या पिंजऱ्यातून उबवणारी मादी नुसती दिसत राहिली, तरी त्याच्या गळ्यातली दुधाची पिशवी वाढत जाते. पेंढ्याचे वासरू पाहून मोरीला फुटलेला पान्हा आणि अंड्यांवर बसलेली जोडीदारीण पाहून होल्याला येणारे दूध यांत मला फार अंतर वाटत नाही. खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांवरून हलवली, पाण्यात बुचकळली की तिचे खुडूकपण जाते हे कोंबड्या पाळणाऱ्या बायका पिढ्यानपिढ्या जाणतात. पोटाखालच्या अंड्यांचा स्पर्श आणि प्रोलॅक्टिन एकमेकांना धरून असतात, हे त्यामागचे शरीरशास्त्र.

आता मी त्या प्रयोगाकडे येते ज्याच्यामुळे ही प्रस्तावना लिहायला घेतली. पक्ष्याच्या गळ्यातले दूध प्रोलॅक्टिनमुळे येते. या संप्रेरकाला नाव मिळाले तेच कबुतराच्या गळ्यावरच्या कामातून, ऑस्कर रिडल आणि सहकाऱ्यांकडून १९३३ मध्ये. मग प्रश्न असा की प्रोलॅक्टिन टोचले तर होला पिल्लाला भरवील का? लेर्मन यांनी दोन गट केले. एका गटातल्या पक्ष्यांनी पूर्वी पिल्ले वाढवली होती. दुसऱ्यातल्यांनी कधीच नाही. दोघांना सारखे प्रोलॅक्टिन दिले, दोघांच्या पिशव्या सारख्या भरल्या, आणि दोघांपुढे भुकेले पिल्लू ठेवले. अनुभवी पक्ष्यांपैकी बहुतेकांनी भरवले. नवख्यांपैकी एकानेही नाही. संप्रेरक होते, दूध होते, पिल्लू होते, आणि भरवणे नव्हते. आणखी एक: अनुभवी पक्ष्यांच्या भरलेल्या पिशवीवरची त्वचा बधिर केली तर त्यांचेही भरवणे कमी झाले. म्हणजे भरलेपणाची ती ठसठस हा दुवा होता. पहिल्या विणीत पिल्लू अंगाखाली वळवळते, छातीला डोके घासते, भरलेला गळा मोकळा होतो, आराम पडतो, आणि पिल्लू आणि आराम यांची गाठ पडते. पालकपण असे अंगात भरते.

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिसऱ्या दिवसापर्यंत तिला अंगावर पाजणे मला जमत नव्हते. दूध होते. छाती दगडासारखी झाली होती. बाळ रडत होते, मी रडत होते. दवाखान्यातल्या एक बाई प्रत्येक वेळी खोलीत येऊन एकच वाक्य म्हणत, "अहो, हे शिकवावं लागतं का? आईला आपोआप येतं." त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण त्या वाक्याने माझ्या मनात जे केले ते मी अजून विसरलेले नाही. मला ठाम वाटू लागले की माझ्यात काहीतरी मुळातच कमी आहे. चौथ्या दिवशी माझी मावशी आली. तिने काही न बोलता माझ्या पाठीमागे उशी दिली, बाळाला आडवे न धरता काखेखालून धरायला लावले, आणि बाळाचा खालचा ओठ बोटाने बाहेर वळवला. तिने चार मुले वाढवली होती. अर्ध्या मिनिटात पान्हा आला, आणि छातीतून मानेपर्यंत काहीतरी सैल झाले. लेर्मन यांचा १९५५ साली छापलेला तो शोधनिबंध मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचला. वाचताना हात थांबला. त्यातल्या नवख्या होल्यांना कुणी कमी म्हटलेले नव्हते. अजून घडायचे आहेत, एवढेच त्यांच्याबद्दल म्हणता येत होते.

लेर्मन यांचे सहकारी जे रोझेनब्लॅट यांनी हेच सूत्र उंदरांत पुढे नेले. कधीच न व्यालेल्या उंदीर मादीजवळ रोज नवी नवी पिल्ले ठेवली तर सुरुवातीला ती त्यांना टाळते. पण चार-सहा दिवसांच्या सहवासानंतर ती त्यांना घरट्यात गोळा करू लागते, चाटते, त्यांच्यावर पाठ कमानीसारखी करून उभी राहते. नरही करतात, थोडे उशिरा. हे १९६७ चे काम. लगोलग जोसेफ टर्केल यांच्याबरोबर त्यांनी नुकत्याच व्यालेल्या मादीचे रक्त अशा मादीला दिले तर ही वाट पुष्कळ जवळची होते हेही दाखवले. दोन्ही निष्कर्ष एकत्र धरायला हवेत. रक्तातली गोष्ट खरी आहे. ती दार उघडते. आणि दार बाहेरून, पिल्लांच्या सहवासानेही उघडते, वेळ लागतो इतकेच.

याच परंपरेतल्या सेलिया मूर यांचे उंदरांवरचे काम तर मी वर्गात सांगताना मुले बाकावर पुढे सरकून बसत. जन्माआधी आणि जन्मानंतर लगेच नर पिल्लाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन असते आणि त्यामुळे त्याचा मेंदू नराचा घडतो, असा पाठ्यपुस्तकी बाण. मूर यांनी पाहिले की आई नर पिल्लांना मादी पिल्लांपेक्षा जास्त चाटते, विशेषतः शेपटीखाली. का? कारण टेस्टोस्टेरॉनमुळे त्यांच्या मूत्राचा वास वेगळा येतो. आईची वासाची जाण बंद केली तर ती कमी चाटते. आणि कमी चाटले गेलेले नर मोठेपणी मीलनात मागे पडतात; त्या हालचालींशी निगडित अशा त्यांच्या मज्जारज्जूतल्या चेतापेशीही कमी भरतात. म्हणजे संप्रेरक पिल्लाच्या मेंदूपर्यंत जाते ते काही अंशी आईच्या जिभेवरून. निसर्ग किती आणि संगोपन किती, अशी टक्केवारी मागणाऱ्याने या जिभेला कोणत्या रकान्यात घालायचे ते सांगावे.

माणसाकडे येताना मी पाऊल जपून टाकते, कारण श्नायर्ला आणि लेर्मन दोघांनीही त्याबद्दल बजावले होते: होल्यात दिसले म्हणून माणसात तसेच असेल, असे म्हणायचे नाही, प्रत्येक प्राण्याच्या पातळीवर पुन्हा पाहायचे. काही पाहिले गेले आहे. फिलिपाइन्समधल्या सेबू येथे सहाशेहून अधिक तरुणांचे टेस्टोस्टेरॉन २००५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये मोजले गेले. दरम्यान जे बाप झाले त्यांच्यात ते लक्षणीय उतरले होते, आणि जे रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाची देखभाल करत होते त्यांच्यात सर्वांत कमी होते. बापाला मूल सांभाळणे "येत नाही", ते त्याच्या "हार्मोन्समध्ये नाही", असे आपल्या घरांत किती सहज म्हटले जाते. इथे तर मूल सांभाळल्याच्या खुणा रक्तातच दिसत होत्या.

उलट टोकाचा मोहही टाळला पाहिजे. लेर्मन यांनी सगळे संगोपनावर ढकलले असा त्यांच्या विरोधकांनी काढलेला अर्थ चुकीचा होता, आणि काही चाहत्यांनी काढलेलाही. ते आयुष्यभर संप्रेरकेच टोचत आणि मोजत होते. होला कितीही वर्षे कोंबड्यांमध्ये वाढवला तरी कोंबडा होत नाही हे त्यांना कुणी सांगायला नको होते. त्यांना रस होता तो घडण्याच्या क्रियेत: आजचे शरीर आणि आजची परिस्थिती मिळून उद्याचे शरीर कसे घडवतात, आणि ते उद्याचे शरीर उद्याची परिस्थिती कशी बदलते. मनाच्या वाढीबद्दल बोलताना आपल्याकडे "वळण" हा फार चांगला शब्द आहे. वेलाला वळण लावतात तेव्हा वेलाचा स्वतःचा जोर लागतो आणि मांडवही लागतो.

लेर्मन १९७२ च्या ऑगस्टमध्ये गेले, वयाच्या ५३ व्या वर्षी. पुढच्याच वर्षी लोरेन्झ, टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांना नोबेल पारितोषिक मिळाले. न्यूअर्कमधले पिंजरे मात्र रिकामे झाले नाहीत. मेई-फांग चेंग यांनी तिथे अनेक वर्षे एका गोष्टीचा पाठपुरावा केला. मादी घरट्यात बसून खालच्या सुरात घुमते, ते कुणासाठी? नराचे घुमणे तिच्या बीजांडकोशाला जागे करते, हे लेर्मन यांच्या काळापासून सगळे धरून चालले होते. चेंग यांनी काही माद्यांचा आवाज शस्त्रक्रियेने बंद केला. नर समोर होता, वाकत होता, घुमत होता, तरी त्या माद्यांची बीजे नीट वाढली नाहीत. मग त्यांना मादीच्या घुमण्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले, आणि बीजे वाढू लागली. १९९२ च्या लेखात त्यांनी निष्कर्ष मांडला: नराचे घुमणे मादीला घुमायला लावते, आणि तिचे स्वतःचे घुमणे तिच्या कानांतून तिच्या मेंदूत, तिथून तिच्या बीजांडकोशात पोचते.

या वर्षी फेब्रुवारीत जोडी पुन्हा आली आहे. मादी जाळीच्या कोपऱ्यात चार काड्यांवर बसली आहे, नर समोरच्या गुलमोहरावर काडी शोधायला गेला आहे. ती मान खाली घालते, गळा फुगवते आणि घुमते. तो दिसत नसताना ती घुमते याचा अर्थ मी तीन वर्षे असा लावत होते की ती त्याला हाक मारते आहे.